कापडाच्या वखारीत चार रात्री

मुलीच्या पदवीदान समारंभासाठी गेल्या डिसेंबरात मी आणि पत्नी मँचेस्टरला गेलो होतो. मुलीच्या वसतिगृहात पाहुण्यांना राहता येत नाही आणि त्या शहरात आमचे कोणी नातेवाईक नाहीत. म्हणून तिनेच पिकॅडिली स्टेशनपासून चालत जाता येईल असे एक स्वस्तातले हॉटेल चार रात्रींसाठी ठरवले होते. खोली लहान होती. पलंग, भिंतीला लावलेले टेबल, पाणी उकळायची विजेची किटली, चहाच्या दोन पुड्या आणि रात्री थंड पडणारा हीटर. दोन गोष्टी मात्र त्या खोलीच्या मापाच्या नव्हत्या. एक म्हणजे खिडकी. ती जवळपास छतापर्यंत पोहोचत होती. दुसरी म्हणजे खोलीच्या ऐन मध्यभागी उभा असलेला, पांढरा रंग दिलेला लोखंडी खांब. नमाजसाठी मुसल्ला पसरायचा तर त्या खांबाला वळसा घालूनच किब्ल्याची, म्हणजे आग्नेयेची, दिशा साधावी लागे.

सकाळी मी काउंटरवरच्या मुलाला खांबाबद्दल विचारले. तो ओल्डहॅमचा होता. त्याचे आजोबा मीरपूरहून आलेले. तो हसून म्हणाला, "अंकल, ये होटल थोडी था, कपड़े का गोदाम था." मग जणू माझी तक्रार दूर करण्यासाठी त्याने सांगितले, की या भागातली निम्मी हॉटेले पूर्वी गोदामेच होती.

त्याचे म्हणणे फारसे चुकीचे नव्हते. मँचेस्टरला गिरण्यांचे शहर म्हणतात, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सूत आणि कापड मोठ्या प्रमाणावर आजूबाजूच्या गावांत तयार होई: ओल्डहॅम, बोल्टन, ब्लॅकबर्न, बर्नली. मँचेस्टर ते विकत असे. त्यासाठी शहराच्या मध्यभागी शेकडो वखारी उभ्या राहिल्या. पोर्टलंड स्ट्रीटवरची वॉट्स वेअरहाऊस ही त्यांतली सगळ्यांत दिमाखदार, १८५६ साली पुरी झालेली. तिचा प्रत्येक मजला वेगळ्या शैलीत बांधलेला आहे आणि बाहेरून ती एखाद्या इटालियन राजवाड्यासारखी दिसते. आज तिथेही हॉटेल आहे. खिडक्या एवढ्या मोठ्या का, याचे उत्तर साधे आहे. गिऱ्हाइकाला कापडाचा पोत आणि रंग दिवसाच्या उजेडात पारखून घ्यायचा असे, आणि मँचेस्टरच्या आभाळात उजेड कमीच. खांब लोखंडी, कारण मजल्यावर मजला कापडाच्या गाठींनी भरलेला असे. व्हिटवर्थ स्ट्रीटवर १९०६ साली बांधलेल्या एका वखारीचे नावच 'इंडिया हाऊस' आहे. आता तिथे लोक राहतात.

१९१३ साली ब्रिटनने सुमारे ७०० कोटी वार सुती कापड परदेशी पाठवले. त्यातले ३०० कोटी वारांच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात आले. आमच्या खोलीतल्या त्या खांबाच्या आधाराने मुंबई आणि कलकत्त्याच्या नावाच्या किती गाठी उभ्या राहिल्या असतील, हा विचार पहिल्या रात्री डोक्यातून जाईना. कारण मी मालेगावच्या मोमीन घरातला आहे. आमच्याकडे 'मँचेस्टर' हा शब्द मी शाळेत भूगोलाचे पुस्तक उघडण्याआधी ऐकला होता.

तो ऐकला दादांच्या तोंडून. दादा हातमागावर बसत. त्यांचे वडील-चुलते १८५७ च्या बंडानंतरच्या धामधुमीत उत्तरेकडून आग्रा रोडने खाली उतरलेल्या विणकरांपैकी. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे मालेगाव, ठाण्याजवळचे भिवंडी, मुंबईतली मदनपुरा, या वस्त्यांत आजही ज्यांची आडनावे अन्सारी आणि मोमीन आहेत, त्यांतल्या पुष्कळांच्या घरी हीच हकिकत सांगितली जाते. दादा ती अशी सांगत: फिरंग्याने आपल्या पूर्वजांचे अंगठे कापले, म्हणजे आपली मलमल विणली जाऊ नये आणि मँचेस्टरचे कापड खपावे. गोष्ट सांगताना ते स्वतःचा अंगठा मुठीत लपवून दाखवत. आम्ही मुले घाबरत असू.

ही गोष्ट मी पुढे भाषणांत ऐकली, वर्तमानपत्रांत वाचली, आणि खोटे कशाला बोलू, स्वतःही एकदोनदा लिहिली. मग मूळ शोधायला गेलो. अंगठे कापल्याचा उल्लेख सापडतो तो विल्यम बोल्ट्सच्या १७७२ सालच्या पुस्तकात. बोल्ट्स हा ईस्ट इंडिया कंपनीचाच माणूस. कंपनीशी त्याचे बिनसले आणि बंगालमधला तिचा कारभार त्याने चव्हाट्यावर मांडला. कंपनीचे गुमास्ते विणकरांवर उचल लादत, ठरवतील त्या भावाने माल उचलत, नकार देणाऱ्याला फटके मारत, हे सगळे त्यात आहे. अंगठ्यांबद्दल मात्र तो वेगळेच लिहितो. कच्चे रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांना इतका जाच होता, की जबरदस्तीचे हे काम टळावे म्हणून काहींनी स्वतःचेच अंगठे तोडून घेतले, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे कारागीर रेशमाचे, मलमलीचे नव्हेत. अंगठे तोडणारेही तेच. आणि साल १७७२, जेव्हा मँचेस्टरचे कापड हिंदुस्थानात यायला अजून बराच अवकाश होता. उलट त्याआधी हिंदुस्थानी छापील कापडाने इंग्लंडचे बाजार असे भरले होते, की तिथल्या विणकरांच्या ओरडीमुळे पार्लमेंटला १७०० आणि १७२१ साली कायदे करून ते कापड बंद करावे लागले होते.

हे वाचल्यावर मला आधी दादांचा राग आला, मग स्वतःचा. पण खरे सांगायचे तर बोल्ट्सची हकिकत दादांच्या गोष्टीपेक्षा जास्त भयंकर आहे. दुसऱ्याने अंगठा कापणे हा जुलूम झाला. आपल्याच हाताने आपली कला तोडून टाकावी असे माणसाला वाटावे, हा त्याहून मोठा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत हा विषय निघाला. डिसेंबरात तिथे चार वाजण्याआधी सूर्य मावळतो. जोहर, असर आणि मगरिब एकमेकांच्या पाठीला पाठ लावून येतात आणि नंतर लांबलचक रात्र उरते. पत्नीने सगळे ऐकून घेतले. तिचे माहेर भिवंडीचे. तिच्या आईने आणि आजीने आयुष्यभर कांड्या भरल्या. ती म्हणाली, "अंगठ्यांचं सोडा. विणणारे तुमचे दादा होते ना? मग ते शेवटपर्यंत विणत कसे राहिले? मँचेस्टरनं धंदा बुडवला, तर मालेगावात इतके माग आले कुठून?"

हा प्रश्न इतिहासकारांनाही पडलेला आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या भाषणांत येत नाही. लँकेशायरच्या यंत्रांनी हिंदुस्थानात सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत पुरती बुडवली ती सूतकताई. १७६० नंतरच्या वीस वर्षांत हारग्रीव्हजची जेनी, आर्कराइटची पाण्यावर चालणारी चौकट आणि बोल्टनच्या क्रॉम्प्टनचे 'म्यूल' ही यंत्रे आली. बारीक, एकसारखे आणि स्वस्त सूत निघू लागले. एकोणिसाव्या शतकात ते गाठी भरभरून इकडे आले. विणकराने ते विकत घेतले, कारण त्याला ते परवडत होते. विणकरांतलेही पुष्कळजण माग सोडून शेतमजुरीला गेले, हे खरेच. पण जे टिकले ते गिरणीच्याच सुतावर टिकले: आधी विलायती, नंतर मुंबईच्या गिरण्यांचे. शिवाय त्यांनी असा माल निवडला जो मँचेस्टरला जमत नव्हता किंवा परवडत नव्हता. मालेगावच्या मोमिनांनी रंगीत लुगडी विणली. नऊवार, काठ-पदर वेगळा, प्रत्येक भागाची आवड वेगळी. खानदेशातल्या आणि देशावरच्या बाया जी लुगडी नेसून शेतात जात, देवळात जात, त्यांतली कितीतरी उर्दू बोलणाऱ्या मुसलमान घरांतल्या मागांवर विणलेली असत. मँचेस्टरच्या वखारीला हे गिऱ्हाईक पुरते कधी समजले नाही. दादांना ते समजत होते. काठाची रुंदी अर्धा बोट चुकली तर कोणत्या गावचा व्यापारी लुगडे परत करील, हे ते डोळे मिटून सांगत.

मग बुडाले कोण? घरोघरी चरख्यावर सूत कातणाऱ्या बाया. त्यात सगळ्या जातींच्या आणि धर्मांच्या होत्या, विधवा होत्या, परदानशीन होत्या. घराबाहेर न पडता चार पैसे मिळवून देणारे ते एकच काम होते. त्यांचे अंगठे कोणी कापले नाहीत. फक्त एका वर्षी त्यांचे सूत कोणी घेतले नाही, आणि पुढच्या वर्षीही घेतले नाही. दादांच्या गोष्टीत या बायांना जागा नव्हती. माझ्या लेखांतही नव्हती. पत्नीने विचारले नसते तर त्या रात्रीही माझ्या ध्यानात आले नसते. कापलेल्या अंगठ्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, बंद पडलेल्या चरख्याचे राहत नाही, एवढेच कारण असावे.

तिसऱ्या दिवशी मुलीने आम्हाला शहर दाखवले. रॉयल एक्स्चेंजच्या प्रचंड दालनात एकेकाळी सूत-कापडाचे हजारो दलाल जमत. आता तिथे नाट्यगृह आहे, पण १९६८ साली व्यवहार कायमचे थांबले त्या दिवसाचे भाव फलकावर तसेच ठेवले आहेत. तिथून थोड्या अंतरावर सेंट पीटर्स फील्डची जागा. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मताचा हक्क मागायला जमलेल्या सुमारे ६०,००० लोकांवर घोडेस्वार घातले गेले आणि अठराएक माणसे मेली. त्या गर्दीत हातमागावरचे विणकर मोठ्या संख्येने होते. इंग्लंडमध्येही अडीच लाखांच्या आसपास हातमाग विणकर होते, आणि १८५० च्या दशकापर्यंत यंत्रमागाने त्यांना जवळपास संपवले. १८२६ साली पूर्व लँकेशायरच्या भुकेल्या विणकरांनी गिरण्यांत शिरून यंत्रमाग फोडले. मालेगावचे विणकर टिकले, लँकेशायरचे टिकले नाहीत. हे वाक्य दादांना सांगितले असते तर त्यांनी माझ्याकडे कसे पाहिले असते, कोण जाणे.

लिंकन स्क्वेअरमध्ये अब्राहम लिंकनचा पुतळा आहे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मँचेस्टरमध्ये कशाला, असा प्रश्न पडतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. त्यातला तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेतून, गुलामांनी वेचलेला, येत असे. लाखो कामगार बेकार झाले. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधल्या सभेने गुलामीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. लिंकनने जानेवारीत मँचेस्टरच्या कामगारांना पत्र लिहून त्यांच्या त्यागाचा गौरव केला. सगळे लँकेशायर त्या बाजूचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. दक्षिणेला मान्यता द्या आणि कापूस आणा, असे म्हणणारी गावे आणि माणसे तिथे होतीच. पण उपाशी पोटी दुसऱ्या खंडातल्या गुलामांची बाजू घेणारी माणसेही होती, आणि ती याच वखारींच्या शहरातली होती.

या यादवीचा धागा थेट आपल्याकडे येतो. अमेरिकेचा कापूस बंद झाला तशी हिंदुस्थानच्या कापसाला अचानक किंमत आली. वऱ्हाड, खानदेश, गुजरात इथला कापूस मुंबईत येऊन सोन्याच्या भावाने जाऊ लागला. मुंबईत पैसा इतका वाहिला, की प्रेमचंद रायचंदांच्या काळातली ती शेअरबाजाराची वेडी लाट आली. १८६५ मध्ये यादवी संपली आणि लाट फुटली. लँकेशायरच्या कामगारांना मात्र आपला कापूस मुळीच आवडला नाही. धागा आखूड, कचरा फार, सूत सारखे तुटे आणि मजुरी कापली जाई. तिथे सगळ्या हिंदुस्थानी कापसाला 'सुरत' म्हणत. हळूहळू कुठल्याही टाकाऊ मालाला 'सुरत' म्हणण्याची रीत पडली. एका प्रार्थनासभेत देवाकडे कापूस मागितला जात असताना मागून कोणीतरी ओरडले, की देवा, पण सुरती नको, असा किस्सा तिकडे अजून सांगतात.

पुढे काय झाले पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर लँकेशायरच्या गिरण्यांना रात्रपाळीसाठी माणसे मिळेनात. गोरे कामगार रात्री यायला तयार नव्हते. मग मीरपूरहून माणसे आली. त्यांतल्या अनेकांची गावे १९६० च्या दशकात बांधल्या गेलेल्या मंगला धरणाखाली गेली होती. बोल्टन, ब्लॅकबर्न, प्रेस्टनला गुजराती मुसलमान आले. ते कुठले? भरुच आणि सुरत जिल्ह्यांतले! ज्या साच्यांवर 'सुरत'ला शिव्या पडल्या, त्याच साच्यांवर शंभर वर्षांनी सुरतेची माणसे रात्रभर उभी राहिली. भाड्याच्या एका घरात दहा-पंधरा जण राहत. दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच गादीवर आडवा होई. गादी थंड व्हायला वेळ मिळत नसे. काउंटरवरच्या त्या मुलाचे आजोबा असेच राहिले होते. साठीत त्यांना ऐकू येईनासे झाले, असे त्याने सांगितले. साच्यांचा आवाज. लँकेशायरच्या विणकर बायांनी या आवाजात ओठांच्या हालचालींवरून बोलायची एक रीतच तयार केली होती. भिवंडीत माझे सासरे घरातही ओरडून बोलत, ते रागावले आहेत असे मला लग्नानंतर कितीतरी दिवस वाटत असे.

मग या गिरण्याही बंद पडल्या. १९६० आणि ७० च्या दशकांत लँकेशायरमध्ये जवळपास दर आठवड्याला एक गिरणी बंद होत होती. आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यातले पुष्कळजण पुन्हा कामावर गेलेच नाहीत. साळखात्यात मदनपुऱ्याचे मोमीन आणि कोकण-घाटावरचे मराठे शेजारी शेजारी साचे चालवत, ती दुनिया त्या संपात गेली. गिरण्यांतले जुने साचे भंगाराच्या भावाने भिवंडी-मालेगावात आले आणि आमची माणसे त्यांवर अजून पोट भरताहेत. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आता मॉल आहे आणि पंचतारांकित हॉटेलही. मँचेस्टरमध्ये वखारीचे हॉटेल झाले त्यात स्वस्तात का होईना आमच्यासारख्यांना खोली तरी मिळाली.

म्हणून मँचेस्टर निर्दोष ठरत नाही. १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी जकात बसवली गेली, ती लँकेशायरच्या मालकांच्या दडपणामुळेच. ती जवळपास तीस वर्षे चालली. आपल्याच देशात विणलेल्या कापडावर कर, तोही परक्याच्या मालाला त्रास होऊ नये म्हणून! १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा होऊन बाबू गेनू मेला, तो स्वतः गिरणी कामगार होता. नऊ महिन्यांनी, सप्टेंबर १९३१ मध्ये, गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेनला गेले. बहिष्कारामुळे ज्यांच्या गिरण्या बंद होत्या त्याच कामगारांच्या वस्तीत. त्यांनी बहिष्कार मागे घेतला नाही. तुमच्या बेकारीचे दुःख मला आहे, पण माझ्या देशातली भूक याहून खोल आहे, असे त्यांचे सांगणे होते. तरीही तिथल्या गिरणीतल्या बायांनी त्यांच्याभोवती जमून हात उंचावून जयघोष केला. तो फोटो प्रसिद्ध आहे. दोष कोणाचा आणि भोग कोणाचा हे त्या बायांना नेमके समजले असावे.

चौथ्या दिवशी पहाटे फज्रनंतर मी त्या खांबाला टेकून बसलो. पत्नी सामान भरत होती. मी तिला म्हटले, घरी गेल्यावर मुलांना दादांची गोष्ट आता कशी सांगायची? अंगठे कापले नाहीत असे म्हटले तर त्यांना वाटेल, जुलूम झालाच नाही. ती म्हणाली, "जुलूम झाला ते सांगा. कोणावर झाला तेही सांगा. आणि माझ्या आजीच्या आजीपासून सुरुवात करा."

खाली चावी देताना त्या ओल्डहॅमच्या मुलाने विचारले, "अंकल, तुमच्याकडे अजून लूम चालतात?" चालतात म्हटल्यावर त्याला नवल वाटले. त्याने फोनवर मागांचा आवाज ऐकायला मागितला. त्याला आजोबांना तो ऐकवायचा होता. आजोबांना ऐकू येत नाही ना, असे मी म्हटले. तो म्हणाला, "हा आवाज येईल."

मालेगावला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी, वीज गेलेली नव्हती तेवढ्यात, चुलतभावाच्या कारखान्यात उभे राहून मी दोन मिनिटांचा आवाज भरला आणि त्याला पाठवून दिला.